विषय: गावाकडचे घर बंद करताना गाय, बैलजोडी आणि कुत्रा यांची सोय

प्रेषक: आर्वीकर

सर्वांना सप्रेम नमस्कार.

वर्धा जिल्ह्यात आर्वीजवळ आमची कोरडवाहू शेती आहे. आईच्या गुडघ्यांनी हात टेकले, त्यात या पाडव्याला जुन्या सालगड्याने साल सोडले, त्यामुळे दिवाळीनंतर आई-बाबांनी नागपूरला बहिणीकडे राहायला जावे असे घरात ठरले आहे. शेत ठेक्याने जाईल. प्रश्न कोठ्यातल्या जनावरांचा आहे. एक गवळाऊ गाय, तिची कालवड, उतरत्या वयाची बैलजोडी आणि मोती नावाचा आठ वर्षांचा गावठी कुत्रा, असा हा संसार आहे. बहिणीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असल्याने तिकडे कोणालाच नेता येणार नाही.

नातेवाईक म्हणतात, गुरे गोरक्षणात देऊन मोकळे व्हा. बाबांचा फोनवर एकच धोशा असतो, ‘बैल कोनाच्याबी दावनीले नाही बांधाचे.’ मोतीला इकडे ब्रिटनमध्ये आणता येईल का, हेही कोणी अनुभवी असल्यास कळवावे. पुसदकर काकू पशुसंवर्धन खात्यात होत्या, त्यांनी जरूर लिहावे ही विनंती.

आपला,
आर्वीकर

प्रेषक: पुसदकर काकू

चि. आर्वीकर यांस अनेक आशीर्वाद.

सगळ्या जनावरांची सोय एकाच दारी होईल ही अपेक्षा पहिल्यांदा सोडा. प्रत्येकाचा उपयोग वेगळा, म्हणून प्रत्येकाला घेणारा माणूसही वेगळा शोधावा लागतो.

गाय आणि कालवड यांची काळजी सर्वांत कमी आहे. गवळाऊ ही वर्ध्याकडचीच जात असून आर्वी, कारंजा आणि आष्टी या तालुक्यांतील नंदगवळी कुटुंबांनी ती पिढ्यान्‌पिढ्या राखली आहे. ही गाय दुधाला बेताची असते. त्यामुळे संकरित गाई ठेवणारा डेअरीवाला तिला आज घेईल आणि उद्या विकेल, पण गवळी मात्र चांगल्या रक्ताची कालवड हौसेने ठेवून घेईल. किंमत थोडी कमी आली तरी चालेल, पण फुकट देऊ नका. ज्या गाईसाठी पदरचे पैसे मोजले, तिच्यापुढे माणूस ढेपही (सरकीची पेंड) ठेवतो, असे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

खरी अडचण बैलांची आहे. २०१५ साली राज्यात सुधारित कायदा लागू झाला आणि गाईंबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. शिवाय नांगरटीला आता ट्रॅक्टर सहज मिळतो. त्यामुळे थकत चाललेल्या जोडीला बाजारात सरळ मार्गाचे गिऱ्हाईक फारसे मिळत नाही, आणि जो दलाल अशा जोडीला अचानक चढा भाव देऊ लागतो, त्याला ती औताला जुंपायची नसते, हे तुमच्या बाबांना पक्के ठाऊक आहे. त्यांचे म्हणणे हट्टाचे समजू नका. मला विचाराल तर जोडी शेत ठेक्याने घेणाऱ्यालाच द्यावी. कपाशीच्या तासांतून डवरा (तण काढायचे कोळपे) हाकायला आजही बैल लागतात, तेव्हा पुढची एक-दोन वर्षे हलक्या कामाला त्यांचा उपयोग आहेच. ठेक्याच्या रकमेत थोडी सूट द्या आणि करारात स्पष्ट लिहून घ्या, की सोयाबीन आणि तुरीचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) आधी बैलांसाठी ठेवले जाईल, जोडी फोडली जाणार नाही आणि बाबांना विचारल्याशिवाय ती विकली जाणार नाही.

गोरक्षण हा शेवटचा पर्याय धरावा. काही संस्था उत्तम आहेत, परंतु पोलिसांनी अडवलेल्या गाड्यांतील जनावरेही तिथेच उतरवली जातात आणि उन्हाळ्यात चारा पुरवताना चालकांच्या तोंडाला फेस येतो. द्यायचेच झाले तर मे महिन्यात जाऊन गव्हाणी डोळ्यांनी पाहाव्यात, कारण दिवाळीच्या सुमारास सगळीकडेच हिरवेगार दिसते. देणगीसुद्धा एकदाच न देता दरवर्षी वैरणीच्या रूपाने पोचवावी.

देण्याआधी प्रत्येक गुराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक वहीत उतरवून त्याचे छायाचित्र काढून ठेवा. २०२४ पासून बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. जनावर कोणालाही दिले तरी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन ऑनलाइन नोंदीतील मालकाचे नाव बदलून घ्या. हे काम आई-बाबा गावात आहेत तोवरच उरकावे.

आता मोती. गाव सांभाळेल, असे म्हणून कुत्र्याला बंद घराच्या ओट्यावर सोडून जाणारे थोडे नाहीत. उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण जनावर टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, पण कायदा राहू द्या, ज्या ओट्यावर भाकर मिळत होती तिथे कुत्रा महिनोन्‌महिने बसून राहतो, ते पाहवत नाही. शहरातल्या आश्रयगृहात आठ वर्षांच्या गावठी कुत्र्याला मालक मिळणे कठीण असते. शेजारपाजारी ज्याच्या मागे तो आताही जातो, अशा घरी त्याला ठेवा. निघण्याच्या आधी काही आठवडे रोजची भाकर त्याच माणसाला घालायला लावा. पुढे तिकडे नेल्यावर त्याची ताटली आणि बाबांचे एखादे न धुतलेले धोतर सोबत द्या, आणि सुरुवातीचे काही आठवडे त्याला साखळीनेच फिरवा, कारण या काळात तो जुन्या घराकडेच पळतो. हरवलाच तर पहिला शोध तिथेच घ्यावा, तोही पहाटे किंवा दिवेलागणीला. रेबीजची लस टोचून तिचे कार्ड नव्या घरी द्यावे.

तुमची,
काकू

प्रेषक: क्रॉयडनकर

आर्वीकर, ब्रिटनपुरते सांगतो. मोतीला आणता येईल, परंतु वेळ आणि पैसा दोन्ही बरेच लागतात. आधी मायक्रोचिप बसवायची, नंतर रेबीजची लस द्यायची, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि अहवाल समाधानकारक आला तर नमुना घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचे, असा क्रम आहे. क्रम चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. प्रवेशाच्या आधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पट्टकृमीचे औषध पशुवैद्याकडून देऊन तशी नोंद घ्यावी लागते, आणि विमानात कुत्रा मालवाहतुकीतूनच येतो. ज्याने आयुष्यभर रात्री खळ्यावर काढल्या, त्याला आमच्यासारख्या दोन खोल्यांत दिवसभर कोंडून ठेवण्यासाठी हा खटाटोप करावा का, याचा विचार तुम्ही करा. मी करणार नाही.

प्रेषक: दिग्रसकर

काकू, याच विषयाला धरून विचारतो. माझ्या मामांचा एक बैल आठवडा झाला चराईवरून परतला नाही. बिल्ला कानात आहे. गायकी (गावची गुरे राखणारा) म्हणतो, आखरापर्यंत, म्हणजे गुरे जमतात त्या जागेपर्यंत, कळपात होता. शोध कुठून सुरू करावा?

प्रेषक: पुसदकर काकू

चि. दिग्रसकर,

आजच दोन माणसे आजूबाजूच्या सर्व गावांच्या कोंडवाड्यांकडे पाठवा. उभ्या पिकात शिरलेले जनावर शेतकरी तिथेच नेऊन घालतो, आणि ठरलेल्या मुदतीत कोणी आले नाही तर त्याचा लिलाव होतो. दंड आणि वैरणीचा खर्च भरून त्याला सोडवून आणता येते. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात बिल्ल्याचा क्रमांक, शिंगांची ठेवण, रंग आणि अंगावरची खूण लिहून तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. आठवडी बाजारात मामांनी स्वतः जावे, कारण बिल्ला कापून काढला असला तरी मालकाला आपला बैल लांबूनही ओळखू येतो.

तेलंगणाच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या पोलीस अडवतात, तेव्हा त्यांतील गुरे जवळच्या गोरक्षणात ठेवली जातात. बैल तिथे सापडला तर चालकांशी वाद घालू नये, कारण तो खटल्यातील मुद्देमाल असतो आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्यांना तो सोडता येत नाही. तक्रारीची प्रत, बिल्ल्याची नोंद आणि खरेदीची पावती जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ताब्यासाठी अर्ज करावा लागतो. वकील त्या तालुक्यातलाच घ्यावा.

रान जवळ असेल तर गायक्याला बरोबर घेऊन नाल्याचा काठ आणि झुडपे पाहा. वाघाने किंवा बिबट्याने मारल्याचे दिसले तर हाडेसुद्धा हलवू नका. दिसल्यापासून ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, नाहीतर नुकसानभरपाईचे प्रकरण तिथेच अडते. मामांना आज रात्रीच फोन करा, म्हणजे सकाळी गुरे आखरावर जमतील तेव्हा बाकीच्या गायक्यांनाही एकदम विचारता येईल.

काकू