बर्फ आणि कडाक्याच्या थंडीचा इशारा आला की हातातल्या ४८ तासांत काय करायचं?

"दोन दिवसांत बर्फ, पाठोपाठ कडाक्याची थंडी" असा अंदाज आला की सगळ्यांचं लक्ष किती सेंटिमीटर पडणार याच्याकडे लागतं. पाइप फुटतात आणि गाडीची बॅटरी मान टाकते ती मात्र बहुतेक वेळा बर्फ थांबल्यानंतरच्या रात्री. आभाळ मोकळं, वारा पडलेला, जमिनीवर ताजा बर्फ. हा बर्फ जमिनीतली ऊब वर येऊ देत नाही आणि त्याचा पृष्ठभाग मात्र उष्णता भराभर आकाशाकडे टाकत राहतो. त्यामुळे पारा पार तळाला जातो.

जाणकारांनी इथे आपला अनुभव नेमका लिहावा: काय, किती, कोणत्या क्रमाने, आणि बिघडतं ते का बिघडतं. गमतीजमतींसाठी वेगळा धागा काढू.

* * *

सुरुवात अंदाज वाचण्यापासून करते. त्यात तापमानाचे दोन आकडे असतात, खरं तापमान आणि वाऱ्यामुळे जाणवणारं. उणे १० तापमान आणि ताशी ३० किमी वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे २० सारखं लागतं. पाइप, रेडिएटर, बादलीतलं पाणी यांच्यासाठी उणे १० म्हणजे उणे १०च. वाऱ्याने ते तिथवर लवकर पोचतात, त्याच्या खाली जात नाहीत. म्हणून माणसांची तयारी जाणवणाऱ्या आकड्यावर करा आणि घर-गाडीची खऱ्या आकड्यावर.

बर्फाची जाडी फसवी असते. ढोबळ हिशोब असा की १ सेंमी पाण्याचा १० सेंमी बर्फ होतो. शून्याच्या आसपासचा ओला बर्फ तेवढ्याच पाण्यात ५-६ सेंमी भरतो, कडक थंडीतला भुरभुरीत १५-२० सुद्धा. वजन पाण्याचं असतं: १ सेंमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १० किलो. तेव्हा १५ सेंमी ओला बर्फ ३० सेंमी भुरभुरीत बर्फापेक्षा छपराला आणि फांद्यांना जड जाऊ शकतो.

आणि "गोठणारा पाऊस" हे शब्द दिसले तर सेंटिमीटर विसरा. वरच्या थरात हवा उबदार, जमिनीलगत शून्याखाली, त्यामुळे थेंब पाणी म्हणून पडतो आणि टेकताक्षणी काच होतो. पाच-सहा मिलिमीटरचा थरही फांद्या आणि तारा खाली आणायला पुरतो. अशा वेळी वीज जाणार हे धरूनच चाला.

* * *

पाइपांबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात महागडं नुकसान तिथे होतं.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाइप बहुधा बर्फाची गुठळी जमते तिथे फुटत नाही. गुठळी आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं, गुठळी वाढते तसा त्या कोंडलेल्या पाण्यावरचा दाब वाढत जातो आणि तिथला कमजोर सांधा जातो. नळ थोडा सोडून ठेवायचा तो मुख्यतः यासाठी: दाबाला वाट मिळते. मोठी धार लागत नाही, एकामागोमाग एक थेंब पडत राहिला की झालं. गरम आणि गार दोन्ही तोट्या सोडा. गरम पाण्याचा पाइपही गोठतो, लोक तोच विसरतात.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा बाहेरचा नळ. त्याला लावलेला होज काढा, आतला व्हॉल्व्ह बंद करा, मग बाहेरची तोटी उघडून पाणी निथळू द्या आणि तशीच उघडी राहू द्या. थंडीत न फुटणारा म्हणून जो लांब दांड्याचा नळ मिळतो, तोही होज लावलेला राहिला तर फुटतो. त्याचं पाणी बंद होतं घराच्या आत, पण पुढच्या नळीतलं पाणी होजमुळे बाहेर निघू शकत नाही. तडा भिंतीच्या आत पडतो आणि वसंतात नळ पहिल्यांदा सोडला की मगच कळतं.

दुसरं, बाहेरच्या भिंतीला लागून असलेले पाइप: सिंकखालचे, गॅरेजमधले, माळ्यावरचे. बाहेर उणे ६-७ च्या खाली जाणार असेल तर सिंकखालच्या कपाटाची दारं रात्रभर उघडी ठेवा. त्यातली साफसफाईची औषधं आधी मुलांच्या हातापासून दूर हलवा. रात्री हीटिंग कमी करण्याची सवय तेवढे दिवस सोडा. बाहेरगावी जाणार असाल तरी १३ अंशांच्या खाली आणू नका.

तिसरं, मुख्य व्हॉल्व्ह आजच फिरवून बघा. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह नेमका गरजेच्या वेळी जाम निघतो.

नळाला पाणीच येईना, तर तोटी उघडी ठेवून हेअर ड्रायरने नळाच्या टोकाकडून मागे मागे गरम करत जा. मधूनच सुरुवात केली तर वितळलेलं पाणी दोन गुठळ्यांमध्ये अडकतं. ब्लोटॉर्च किंवा उघडी ज्योत कदापि नको.

* * *

गाडी. विसावलेल्या बॅटरीचा व्होल्टेज बघा: १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली असेल तर थंडीआधी चार्ज करा. उणे १८ ला बॅटरीची ताकद निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. भरलेली बॅटरी सहसा गोठत नाही. पूर्ण उतरलेली उणे १० च्या आधीच गोठू शकते. बॅटरीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या तर जंप स्टार्ट करू नका, फुटू शकते.

कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे ३७ पर्यंत चालतं. जास्त चांगलं म्हणून नुसतं कूलंट भरू नका, त्यातला मुख्य घटक, एथिलीन ग्लायकॉल, शुद्ध असेल तर उणे १३ च्या आसपासच गोठतं. पारा साडेपाच अंश उतरला की टायरमधली हवा साधारण १ पीएसआय कमी होते, तेव्हा थंड टायरवर मोजून भरा. डिझेलवाल्यांनी हिवाळी (थंडीत न घट्टावणारं) डिझेल थंडीच्या आधीच भरून गाडी थोडी चालवावी. नुसतं टाकीत असून उपयोग नाही, फिल्टरपर्यंत पोचायला हवं, कारण थंडीत डिझेलमधलं मेण साचतं ते फिल्टरमध्ये.

बर्फात अडकलात तर इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. मग तासाला दहा मिनिटं हीटर, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर खाली. बर्फ पडत असेल तर दर खेपेला सायलेन्सर पुन्हा बघा.

* * *

मिठाबद्दल. साधं मीठ उणे ९ पर्यंतच नीट काम करतं. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड घ्या, नाहीतर सरळ वाळू. वाळू वितळवत नाही, पण पाय धरते. साधारण ३५० ग्रॅम मीठ सहा मीटरच्या ड्राइव्हवेला (घरासमोरच्या गाडीच्या वाटेला) पुरतं. मूठ-मूठ ओतल्याने लवकर वितळत नाही, झाडं आणि काँक्रीट तेवढं खराब होतं. आधी खरवडा, मग मीठ.

अंदाजात "आधी पाऊस, मग बर्फ, मग पारा खाली" असेल तर पावसाआधी मीठ टाकू नका, वाहून जाईल. पारा शून्याखाली जायच्या आत मात्र चिखलासारखा बर्फ काढलाच पाहिजे. एकदा गोठला की फावडं त्यावरून नुसतं घसरतं. दर ८-१० सेंमीला एक फेरी मारा, उचलण्यापेक्षा ढकला. रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाडीने वाटेच्या तोंडाशी लोटलेला ढिगारा सगळ्यात जड असतो. हृदयाचा त्रास असलेल्यांनी त्याला हात लावू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात हा जोर.

* * *

हीटिंगचे भिंतीतून बाहेर आलेले पांढरे पाइप कोणी लिहिले नाहीत. एकातून हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. वाऱ्याने साचलेल्या बर्फात ते बुजले की फर्नेस (घर तापवणारी भट्टी) बंद पडते. सगळी जण मशीन बिघडलं समजून आत खटपट करत बसतात. आधी बाहेर जाऊन बघा.

* * *

शरीरासाठी: अंगालगत सुती कपडा नको, घाम धरून ठेवतो. लोकर किंवा सिंथेटिक घाला. बोटं वेगळी नसलेले हातमोजे जास्त ऊब देतात. बूट घट्ट नकोत, दुसरा मोजा घालून पाय आवळला तर रक्त कमी पोचतं. जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली असेल तर उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. बधिर, पांढरी किंवा करडी, मेणासारखी झालेली जागा चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ठेवा, पण पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तेव्हाच. माणूस बोलताना अडखळतोय, आणि हुडहुडी थांबलीय पण अंग गार आहे, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही. लगेच मदत बोलवा.

लहान मुलांना कारसीटमध्ये जाड जॅकेट घालून बांधू नका. पट्टा सैल राहतो. पट्टा बांधून वरून जॅकेट पांघरा.

* * *

वीज गेली तर एकच खोली निवडा, दाराखाली टॉवेल लावा, सगळ्यांनी तिथेच झोपा. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर लांब, गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनही नाही. ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी किंवा कोळसा आत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून अलार्मचे सेल आजच बदला.

दार न उघडल्यास फ्रिज ४ तास धरतो, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. अन्न बाहेर बर्फात ठेवू नका, उन्हात ते तापतं आणि प्राणी येतात. त्याऐवजी बाटल्यांत पाऊण भागच पाणी भरून त्या बाहेर गोठवा आणि फ्रिजमध्ये ठेवा.