मांजराला रोज सप्लिमेंट? "जास्त झालं तरी चालतं" म्हणणाऱ्यांसाठी

निशाचर:
काल एकांनी लिहिलं की प्रत्येक मांजराला मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम आणि कॉड लिव्हर ऑइल रोज द्यावं, "जास्त झालं तरी लघवीतून निघून जातं". वाचून राहवेना. व्हिटॅमिन बी आणि सी जातात हो निघून, ए आणि डी नाही जात, ते शरीरात साठत राहतात आणि कॉड लिव्हर ऑइलमध्ये नेमके हेच दोन ठासून भरलेले असतात. ए खूप साठलं की मानेचे मणके हाड वाढून एकमेकांना चिकटतात, मांजराला मान वळवता येत नाही, अंगसुद्धा चाटता येत नाही. रोज लिव्हरच खाणाऱ्या मांजरांचंही हेच होतं. धडधाकट मांजर 'संपूर्ण आहार' लिहिलेलं पाकीट खात असेल तर वरून काहीही नको.

मनीची आई:
असं सरसकट कसं म्हणता? टॉरिन हे अमिनो ॲसिड मांजराचं शरीर पुरेसं बनवतच नाही, कमी पडलं की हृदय फुगतं, डोळ्यांचा पडदा खराब होतो. 1987 मध्ये हृदयाचा हा संबंध उघड झाला तेव्हा ती मांजरं पाकिटातलं, डब्यातलंच खात होती! त्यावरही संपूर्ण आहार असंच लिहिलेलं होतं. म्हणून माझा त्या लेबलवर विश्वास नाही.

निशाचर:
हे खरंय, नाकारत नाही. पण त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि तो आजार एकदम कमी झाला, तेही सांगा ना.

बोकेवाला:
आणि घरी शिजवणाऱ्यांनी काय करायचं? आमच्याकडे आलेल्या पिल्लाला आधीच्या घरी नुसतं बोनलेस मांस घालायचे. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला, मग शरीर हाडांतलंच ओढून घेतं. सोफ्यावरून उडी मारली आणि पाय मोडला त्याचा. त्याला कॅल्शियम द्यायचं नाही का? बोला.

निशाचर:
द्यायचंच. पण ते जेवणातली उणीव भरून काढणं झालं, संपूर्ण आहारावर वरून मारा करणं वेगळं.

शेपटी:
लायसीनचं, म्हणजे त्या अमिनो ॲसिडच्या पावडरीचं, कोणीच का बोलत नाही? आमच्या मांजरीला हर्पिस व्हायरस आहे, डोळे चिकटायचे, सारख्या शिंका. लायसीन सुरू केलं आणि थांबलं.

निशाचर:
2015 मध्ये तोवरचा सगळा अभ्यास एकत्र तपासला गेला, निष्कर्ष असा की लायसीनचा उपयोग नाही, देणं थांबवा. काही प्रयोगांत तर लायसीनवाल्या मांजरांचाच त्रास वाढला होता. हर्पिसचा झटका येतो आणि आपला आपण ओसरतो, श्रेय पावडरीला मिळतं.

शेपटी:
माझ्या मांजरीचे डोळे रोज मी पुसते, तुम्ही नाही!! तुम्ही कागद वाचा.

बोकेवाला:
त्यांच्यावर कशाला ओरडता. डॉक्टरच लिहून देतात लायसीन. आमचे डॉक्टर मांजर काय खातं हे न विचारता टॉनिकची बाटली हातात ठेवतात, माझा राग त्याच्यावर आहे.

मनीची आई:
लायसीनच्या बाबतीत निशाचर बरोबर आहेत, नाइलाजाने म्हणतेय. लायसीनने आर्जिनिन हे दुसरं अमिनो ॲसिड कमी होतं आणि व्हायरस वाढत नाही अशी मूळ कल्पना. मांजरात तसं होतच नाही, आणि झालं असतं तर आणखी वाईट, कारण आर्जिनिन नसेल तर मांजराच्या रक्तात काही तासांत अमोनिया चढतो.

शेपटी:
मग दोन वर्षं तिचे डोळे स्वच्छ आहेत ते कशाने?

निशाचर:
वयाने, घरातला ताण कमी झाल्याने, कशानेही. ताण आला की हर्पिस उसळतो.

हिरवळ:
एवढी केमिकल्स कशाला, आम्ही पिसवांसाठी खाण्यात लसूण पावडर घालतो, नैसर्गिक आहे.

मनीची आई:
आजच बंद करा! कांदा-लसणाने मांजराच्या लाल पेशी फुटतात, पावडर तर जास्तच घातक. आणि माणसांच्या मल्टीव्हिटॅमिन गोळ्याही नकोत, काहींत अल्फा लिपोइक ॲसिड असतं, ते मांजराला कुत्र्यापेक्षा कितीतरी कमी डोसात विषारी ठरतं.

हिरवळ:
इतकी वर्षं काही झालं नाही. पण बरं, थांबवते.

मनीची आई:
निशाचर, कॉड लिव्हरचं पटलं. पण आमच्या म्हाताऱ्या बोक्याला आतड्याचा आजार आहे, रक्तात बी12 कमी निघालं, इंजेक्शन सुरू केल्यावर तो परत जेवायला लागला. "काहीही नको" हे वाक्य वाचून कोणी असं इंजेक्शन थांबवलं तर?

निशाचर:
मी धडधाकट मांजर म्हटलं होतं. तपासणीत कमी निघालं असेल तर द्यायलाच हवं, तसं वर स्पष्ट लिहितो.

शेपटी:
मी लायसीन चालू ठेवणार.