जपाचे आकडे गोळा करणं थांबवावं का?

गोदाकाठ
आमच्या सोसायटीत रामनवमीपासून 'श्रीराम जय राम जय जय राम' या मंत्राच्या 13 कोटी जपाचा सामूहिक संकल्प चालू आहे. दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक घराने आठवड्याचा आकडा टाकायचा आणि एका काकांनी बेरीज करून पाठवायची. एका घरात आजारपण होतं. त्यांचा आकडा आला नाही, तर 'दवाखान्यात बसल्या बसल्याही नाम घेता येतं' असा निरोप त्यांना गेला. तो वाचून मला फार वाईट वाटलं.

आमच्या घरी रोज संध्याकाळी हरिपाठ होतो. त्याच्या पहिल्याच अभंगात ज्ञानोबा म्हणतात, 'हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा । पुण्याची गणना कोण करी'. आपण मात्र नेमकी गणनाच करत बसलोय. पतंजलींच्या 'तज्जपस्तदर्थभावनम्' या सूत्रात जपाला अर्थाचं चिंतन जोडलेलं आहे, आकडा नाही. माळ ओढताना आज किती झाले हेच मनात फिरत असेल तर रामाला जागा कुठे उरली? माझ्या मते हे आकडे गोळा करणं बंद व्हावं. बाकीच्यांना काय वाटतं?

माणदेशी
पूर्ण असहमत. निरोप चुकीचा होता, त्याचा राग संख्येवर काढू नका.

गोंदवले आमच्या जवळचं. ब्रह्मचैतन्य महाराजांनी (1845–1913) हाच त्रयोदशाक्षरी मंत्र घरोघरी पोचवला. आमच्याकडे नेम म्हणजे ठरलेल्या माळा. ठरवलेलं नसलं की आज पाहुणे आले, उद्या प्रवास आहे, असं करत दिवस जातात आणि 'मी तर मनातल्या मनात सतत घेतो' असं माणूस स्वतःलाच सांगत राहतो. माळेचा हिशेब ही पळवाट बंद करतो. माळेत मणी 108, पण धरायचे 100. वरचे आठ चुकलेल्या, लक्ष उडालेल्या जपासाठी सोडायचे. मन भटकणार हे ही पद्धत घालणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

आणि अर्थाचं म्हणाल तर या मंत्रात समजायला अवघड असं आहे काय? रामाचा जयजयकार आहे. तो लहान मुलालाही कळतो.

बेरीज_वजाबाकी
13 कोटी या आकड्याकडे जरा बघू या. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला, नंदिनी-गोदावरीच्या संगमात उभं राहून 12 वर्षांत एवढा जप केला असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. 12 वर्षांचे दिवस 4,380. म्हणजे रोज सुमारे 29,700 जप. एका जपाला दोन सेकंद धरले तर रोजचे साडेसोळा तास होतात. पण त्याच चरित्रांत दुपारी माधुकरी, नंतर ग्रंथवाचन, कीर्तन-पुराण ऐकणं असा दिनक्रम दिलेला आहे. दोन्हींचा मेळ बसत नाही. मंत्राची अक्षरं 13 म्हणून 13 कोटी, असा हा आदराने सांगितलेला आकडा असावा असं मला वाटतं.

आता तुमच्या सोसायटीचं गणित. 60 घरांनी रोज प्रत्येकी 10 माळा केल्या तर दिवसाचे 60,000 होतात. या वेगाने 13 कोटींना सहा वर्षं लागतील. लोकांना हे आधी कोणी सांगितलं होतं का? दवाखान्यातल्या माणसाला गेलेल्या निरोपाचं मूळ इथे आहे.

माणदेशी
@बेरीज_वजाबाकी, मानस जप दोन सेकंदांपेक्षा बराच भरभर होतो, हे रोज करणाऱ्याला कळतं. तरी तुमचं गणित मी खोडत नाही. 13 कोटी मी इतिहासाचा पुरावा म्हणून मांडत नाही. पुरश्चरणाचा, म्हणजे ठरावीक संख्येच्या विधिपूर्वक जपाचा, सर्वसाधारण नियम अक्षराला एक लाख असा आहे. त्या हिशेबाने या मंत्राचे 13 लाख म्हणजे एक पुरश्चरण आणि 13 कोटी म्हणजे अशी शंभर. एका माणसाने एवढं करायला आयुष्य लावावं, ही दिशा त्या आकड्यातून मिळते. सोसायटीने 13 लाखांचा संकल्प करायला हवा होता, हे मात्र मान्य.

पाठशाळा
अर्थ मोठा की उच्चार मोठा, हा वाद वेदातल्या शब्दांचा अर्थ सांगणाऱ्या यास्कांच्या निरुक्त या ग्रंथातही आहे. मंत्रांना अर्थच नसतो असं कौत्स नावाच्या आचार्याचं मत तिथे दिलंय आणि यास्कांनी ते खोडून काढलंय. वेद पाठ करून ज्याला अर्थ कळत नाही तो नुसता भार वाहणारा खांब, असं वचनही तिथेच येतं. पण हे वेदमंत्रांबद्दल आहे. त्यांत स्वर चुकला तर दोष मानतात. नामाला स्वरांचं बंधन नाही, वेळेचं नाही, सोवळ्याचंही नाही. मग पुरश्चरणाची संख्या तेवढी मंत्रशास्त्रातून उचलून नामाला का चिकटवायची? धागाकर्तीशी मी सहमत आहे.

मंगळवेढेकर
सगळे माळ हातात धरून बोलताहेत. जनाबाई 'दळितां कांडितां तुज गाईन अनंता' म्हणतात. जात्याचा खुंटा धरलेल्या हाताने मणी कसे ओढायचे? गायत्रीला मुंज लागते, म्हणजे आमच्या घरातल्या कोणालाच ती कधी मिळाली नाही. नाम मिळालं, कारण त्याला कोणी दार लावू शकलं नाही. देवळाला लावलं होतं. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी बाहेर आहे, आणि पंढरपूरचं देऊळ उघडायला 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. त्या सगळ्या पिढ्यांनी नामावर दिवस काढले आणि त्यांच्या आकड्याची बेरीज कोणी केली नाही. आज सोसायटीच्या गटावर कोणाचे किती, कोण मागे पडलं हे विचारलं जातं तेव्हा मला त्यात तीच जुनी उतरंड दिसते. म्हणून मी इतकं तीव्र बोलतोय.

ओपीडी_नर्स
वेगाबद्दल थोडं. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. त्यात लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणिपद्मे हुम्' हे दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. म्हणजे फायदा संथपणाचा. आकडा गाठायला भरभर म्हणणाऱ्यांचा श्वास वरच्या वर अडकतो, हे मी आमच्या सत्संगात पाहते. मोजायचंच असेल तर मिनिटं मोजा.

माणदेशी
ताई, श्वास सुधारला तर आनंदच आहे, पण त्यासाठी कोणी राम म्हणत नाही. तेवढ्यासाठी प्राणायाम आहे. मिनिटं मोजली तरी ते मोजणंच झालं.

@मंगळवेढेकर, तुमच्यापुढे मी वाद घालणार नाही. फक्त एवढंच सांगतो, गोंदवल्याला माळ ओढणाऱ्याला जात विचारत नाहीत.

मंगळवेढेकर
@माणदेशी, माळेवर माझा राग नाही. माझ्या आईच्या गळ्यातही तुळशीची आहे. दुसऱ्याचा आकडा विचारण्यावर आहे.

गोदाकाठ
सगळे प्रतिसाद वाचले. रविवारी गटावर मांडणार आहे की घरवार आकडे नकोत. ज्याला मोजायचंय त्याने आपल्या वहीत मोजावं आणि दर एकादशीला तळमजल्यावर तासभर एकत्र बसून मोठ्याने जप करावा.

माणदेशी
एकत्र बसा, फार चांगलं. पण वही कोणी बघणार नसेल तर दोन महिन्यांत निम्मी घरं थांबतील, हे आताच सांगून ठेवतो. निदान सगळ्यांची मिळून एक बेरीज तरी ठेवा, चिठ्ठ्या नाव न घालता डब्यात टाका. संकल्प सोडायचा असेल तर तो रामासमोर बसून सोडा, आपोआप विरू देऊ नका.