दोन लाख किलोमीटर पळालेली स्वस्त गाडी घ्यावी का?

धागाकर्ता

जुनी गाडी पाहायला गेलेला माणूस सर्वांत आधी वाकून मीटर वाचतो, आणि आकडा दोन लाखांच्या आसपास दिसला की बहुतेक वेळा तिथूनच परत फिरतो. मला हे चुकीचे वाटते, आणि त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. (मायलेज हा शब्द आपण एरवी इंधनाच्या ॲव्हरेजसाठी वापरतो, म्हणून तो इथे टाळला आहे. मुद्दा गाडी किती पळाली आहे, हा आहे.)

मीटर अंतर मोजतो, झीज मोजत नाही. एखादी गाडी मोकळ्या रस्त्यावर ताशी सरासरी ६० किलोमीटरने दीड लाख किलोमीटर पळाली असेल, तर तिचे इंजिन २५०० तास चालले. दुसरी गाडी शहरातल्या गर्दीत ताशी सरासरी १५ किलोमीटरने रखडत ६०,००० किलोमीटरच गेली असेल, तर तिचे इंजिन ४००० तास चालले. शिवाय तिच्या क्लचला, ब्रेकला आणि स्टार्टरला किती अधिक काम पडले, ते वेगळेच. त्यातही रोजच्या फेऱ्या दोन-तीन किलोमीटरच्या असतील तर इंजिन पुरते तापतच नाही, आणि ऑइलमध्ये उतरलेली वाफ व इंधन तसेच साचून राहते. बाजार मात्र या दुसऱ्या गाडीला ‘कमी पळालेली’ म्हणून डोक्यावर घेतो आणि पहिलीला मातीमोल ठरवतो. ज्याला हा फरक कळतो, त्याच्यासाठी हीच संधी आहे.

माझी सध्याची गाडी मी १,८०,००० किलोमीटरवर घेतली. आज मीटर २,४०,००० दाखवतो. मधल्या काळात क्लच प्लेट, रेडिएटर आणि पुढचे शॉक ॲब्सॉर्बर बदलावे लागले. इंजिन उघडावे लागले नाही. माझ्या मते सर्व्हिसची बिले हातात असतील, तर मीटरच्या आकड्याला घाबरण्याचे कारण नाही.

प्रतिसाद १

तासांचा हिशेब नेमका आहे, पण तो फक्त इंजिनाचा आहे. चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला तर दर किलोमीटरला चाक पाचशे वेळा फिरते, म्हणजे दोन लाख किलोमीटरमध्ये दहा कोटी वेळा. चाकांच्या बेअरिंगला आणि ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यांना ते फेरे मोकळ्या रस्त्यावर पडले की गर्दीत, याने फार फरक पडत नाही.

दुसरे असे की, हे सगळे सुटे भाग साधारण एकाच सुमारास संपतात. पहिला मालक गाडी विकतो ती बहुधा याच उंबरठ्यावर, कारण गॅरेजवाल्याने त्याला पुढच्या कामांची यादी ऐकवलेली असते. ती यादी नव्या मालकाला कोणी देत नाही. मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते.

मी स्वतः हे भोगले आहे. घेतलेल्या गाडीचा टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या पिस्टनची आणि व्हॉल्व्हची, म्हणजे झडपांची, हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) ‘नुकताच बदलला आहे’ असे विकणाऱ्याने तोंडी सांगितले होते. तिसऱ्या महिन्यात चालत्या गाडीत तो तुटला. ज्या इंजिनात उघडी व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, तिथे बेल्ट तुटताच त्यांचे वेळापत्रक बिघडते आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. माझ्या गाडीची आठही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकली होती. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे गेला.

धागाकर्ता

आपले नुकसान झाले याचे वाईट वाटते, पण हा दोष किलोमीटरचा नसून तोंडी शब्दावर ठेवलेल्या विश्वासाचा आहे. टायमिंग बेल्ट रबरी असतो. तो अंतराने झिजतो तसाच वर्षांनीही कडक होऊन चिरतो, आणि म्हणूनच कंपन्या त्याची मुदत किलोमीटर आणि वर्षे अशी दुहेरी देतात. बारा वर्षांत ४०,००० किलोमीटर पळालेल्या गाडीत कारखान्यात बसवलेला मूळ बेल्ट अजून असू शकतो, कारण मालकाला वाटते की गाडी अजून ‘नवीच’ आहे. तो बेल्ट मला अधिक भीतीदायक वाटतो. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असे समजावे, तेवढी रक्कम भावातून वळती करावी आणि गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) व वॉटर पंपासकट तो बदलून घ्यावा. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते. तीही ऑइल वेळेवर न बदलल्यास ताणली जाते, एवढे लक्षात असू द्यावे.

प्रतिसाद २

इथे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० मधला युक्तिवाद आठवतो. तो नेमका जुन्या गाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन मांडलेला आहे. विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी गाडीचाच भाव देऊ करतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक ती विकायला तयार होत नाही, आणि बाजारात उरतात त्या बहुतांशी खोड असलेल्या गाड्या. २००१ साली त्यांना या विषयावरील कामासाठी नोबेल पारितोषिकही मिळाले. धागाकर्त्यांना वाटणारी ‘संधी’ ही बहुतेक वेळा विकणाऱ्याची संधी असते.

प्रतिसाद ३

प्रतिसाद २ शी असहमत. अकरलॉफ यांचाच तर्क पुढे नेला तर जास्त पळालेली गाडी उलट बरी ठरते. मोठा आकडा ही विकणाऱ्याने उघड केलेली, त्याच्या स्वतःच्या तोट्याची माहिती आहे. फसवणूक व्हायची ती ‘फक्त ४५,००० किलोमीटर’ असे सांगितलेल्या गाडीत होते, कारण मीटर मागे फिरवण्यात फायदा तिथेच आहे, आणि डिजिटल मीटर आल्यापासून हे काम अवघड न राहता सोपेच झाले आहे.

आकडा खरा आहे की नाही, ते ब्रेक पेडलच्या रबरावरून, स्टिअरिंगच्या गुळगुळीत झालेल्या कातड्यावरून आणि चालकाच्या सीटच्या दबलेल्या कडेवरून कळते. टायरच्या बाजूवरचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१६ ची गाडी ३०,००० किलोमीटर पळाली म्हणून सांगितली जात असेल आणि चारही टायर २०२० चे असतील, तर पहिले टायर इतक्या लवकर कुठे झिजले, हे विचारावे. दोन लाखांचा आकडा उघडपणे दाखवणाऱ्याला निदान हा प्रश्न विचारावा लागत नाही.

आणि गाडी किती टिकू शकते म्हणाल, तर अर्व्ह गॉर्डन या अमेरिकन शिक्षकाने १९६६ साली घेतलेली व्होल्वो २०१३ मध्ये ३० लाख मैलांच्या, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरच्या पुढे गेली.

प्रतिसाद १

गॉर्डन यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ती गाडी त्यांनी कोरी घेतली आणि पहिल्या दिवसापासून तिची निगा एकाच माणसाने राखली. आपण सेकंडहँड घेतो, तेव्हा नेमकी हीच गोष्ट आपल्या हाती नसते.

प्रतिसाद ४

गेली अनेक वर्षे गाड्या दुरुस्त करण्यात घालवली आहेत, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे टोचणारे लिहितो.

धागाकर्त्यांचा बिलांवरचा विश्वास मला भाबडा वाटतो. बिलांची जाडजूड फाइल घेऊन आलेल्या गाड्या मी उघडल्या आहेत, आणि त्या फाइलमध्ये इंजिन ऑइल आणि फिल्टर यांपलीकडे काही नसते. काही ऑटोमॅटिक गाड्यांच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सचे ऑइल ‘आयुष्यभराचे’ म्हटलेले असते, म्हणून दोन लाख किलोमीटर ते कोणी बदलत नाही. नोंदी सगळ्या पूर्ण, आणि गिअरबॉक्समध्ये जळकट वासाचे काळे पाणी. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषते, साधारण दोन वर्षांनी बदलायला हवे. त्याचे बिल फार क्वचित दिसते. डिझेल गाडी असेल तर इंजेक्टर, टर्बो आणि धुराच्या फिल्टरचा खर्च इंजिन उत्तम असतानाही बसतो.

किलोमीटरला घाबरणाऱ्यांना सांगायचे ते असे की, गाडी मरते ती बहुधा गंजाने. इंजिन दुसरे बसवता येते. चासी आणि ब्रेकच्या नळ्या खालून गंजलेल्या असतील, तर मीटरवर काहीही असो, ती गाडी घेऊ नये. धुऊन चकचकीत केलेले इंजिनही मला आवडत नाही. धुळीने माखलेल्या इंजिनावर गळती कुठून आहे, ते दिसते.

एक तपासणी मात्र फारसे कोणी करत नाही. स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या बिघाडांच्या नोंदी, म्हणजे फॉल्ट कोड, वाचणारे यंत्र) लावल्यावर ‘एकही फॉल्ट कोड नाही’ एवढेच पाहून लोक खूश होतात. कोड पुसून टाकणे दोन मिनिटांचे काम आहे. पण पुसल्यावर गाडीच्या संगणकातल्या स्वयंचाचण्यांची नोंदही कोरी होते, आणि गाडी वेगवेगळ्या प्रकारे चालल्याखेरीज त्या पूर्ण होत नाहीत. म्हणून त्याच स्कॅनरवर या चाचण्यांची स्थिती पाहावी. त्यांतल्या बऱ्याच अपूर्ण दिसत असतील, तर एकतर बॅटरी नुकतीच काढली होती किंवा कोणीतरी आदल्या दिवशी कोड पुसले आहेत.

प्रतिसाद ५

सर्व चर्चा दुरुस्तीच्या खर्चाभोवती फिरते आहे आणि माणूस बाजूला राहिला आहे. ज्याच्याकडे एकच वाहन आहे आणि ज्याला रोज ठरलेल्या वेळी पोहोचायचे आहे, त्याच्यासाठी गाडी चार दिवस गॅरेजमध्ये राहणे हा चार दिवसांचा प्रश्न आहे, मग दुरुस्ती फुकटात होवो. शिवाय इतकी पळालेली स्वस्त गाडी बहुधा जुनी असते. घसरणारी गाडी ताब्यात ठेवणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्य प्रणाली अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांत ती नाही, आणि ती कोणत्याही गॅरेजमध्ये नंतर बसवून मिळत नाही. सर्व्हिसची बिले यावर काय करणार?

धागाकर्ता

प्रतिसाद ५ चा मुद्दा मला बिनशर्त मान्य आहे. माझ्या घरात दुसरे वाहन आहे, आणि क्लच गेला तेव्हा मी ते घेऊन गेलो होतो. मूळ धाग्यात हे लिहायला हवे होते. ज्याला पर्याय नाही, त्याला मी माझ्यासारखी गाडी सुचवणार नाही. गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल प्रतिसाद ४ शीही सहमत. माझी गाडी मॅन्युअल असल्याने ते माझ्या लक्षातच आले नव्हते. मात्र मीटरवरचा आकडा पाहून गाडी न पाहताच परत फिरणे, हे मला अजूनही पटत नाही.

प्रतिसाद ६

हा धागा वाचूनच आज सकाळी एक गाडी पाहून आलो. १,९५,००० किलोमीटर, फाइल व्यवस्थित, खालून गंज नाही. बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम होते. विकणारे म्हणाले की, आत्ताच मुलाला शाळेत सोडून आलो. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले, धूर अजिबात नाही. घ्यावी का?

प्रतिसाद ४

गरम इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होणारच. चेनचा खडखडाट, झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून रात्रभरात उतरलेल्या ऑइलचा निळा धूर आणि अशक्त बॅटरी, हे सगळे थंड इंजिनाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसते आणि मग लपते. ते खरेच शाळेत गेले असतील. उद्या पहाटे येतो, तोवर किल्ली फिरवू नका, असे सांगा, आणि गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा.