दोन्ही ब्रेक लाईट एकदम गेले तर
भाऊ, नवे बल्ब टाकूनही लाईट लागत नाही म्हणून मेकॅनिक पूर्ण वायरिंग बदला म्हणतो? थांबा जरा. फ्यूज शाबूत असेल तर पेडलच्या वरचा ब्रेक स्विच पाहा, बहुतेक वेळा तोच जातो. दोनच पिनचा असेल तर स्विचला लागलेला वायरींचा प्लग काढा, चावी ऑन करून त्या प्लगमधली दोन टोकं वायरच्या तुकड्यानं जोडा. लाईट लागले की स्विच गेला समजा. चार पिनचा असला तर हा उद्योग नको, टेस्ट लॅम्प (वायरीत करंट येतो का ते दाखवणारा छोटा दिवा) लावा. तोवर रात्री समृद्धीवर गाडी काढू नका राजेहो! स्विच चांगला निघाला तर डिक्कीतली अर्थिंग, म्हणजे लाईटची वायर बॉडीच्या पत्र्याला जोडली असते तो जोड, घासून पाहा. आणि घरात कापूस भरला असेल तर उंदरांनी वायर कुरतडली का, तेही बघा.