मदत हवी आहे : ‘नीडन्ट हॅव’ आणि ‘डिडन्ट नीड टू’ मराठीतून कसं समजावू?

मराठी माध्यमातल्या दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. वर्तमानकाळात अडचण नाही. ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘करू नकोस’, ‘नीड नॉट’ म्हणजे ‘नाही केलंस तरी चालेल’, हे त्यांना लगेच कळतं. गाडं अडतं भूतकाळात.

‘तुला छत्री आणायची गरज नव्हती.’ या वाक्यावरून छत्री आणली की नाही, ते समजत नाही. इंग्रजीत ‘यू नीडन्ट हॅव ब्रॉट’ म्हटलं की आणली होती, पण गरज नव्हती, हे पक्कं. ‘यू डिडन्ट नीड टू ब्रिंग’ मात्र दोन्हीकडे चालतं. आणलेली असली तरी बोलताना सर्रास वापरतात, अमेरिकेत तर जास्तच. म्हणून ‘डिडन्ट नीड टू म्हणजे केलं नाही’ असं मुलांना सांगायला मन धजत नाही.

‘उगाच आणलीस’ सांगून पाहिलं, पण त्यात वैताग येतो. ‘आणायला नको होतीस’ म्हटलं तर मुलं ‘शुडन्ट हॅव’ लिहितात आणि चूक केल्याचा अर्थ लागतो. पाहुण्यांनी खाऊ आणला की आपण ‘कशाला आणलंत?’ म्हणतो, ते सर्वांत जवळचं वाटलं. पण नेमकं तिथे इंग्रज माणूस ‘यू शुडन्ट हॅव’ म्हणतो!

व्याकरणाच्या संज्ञा टाळायच्या आहेत, आणि परीक्षेसाठी ब्रिटिश वापरच धरायचा आहे. ‘केलं, पण गरज नव्हती’ एवढंच सांगणारी, दोष न देणारी मराठी वाक्यरचना कुणाला सुचते का?