एफ-वनचे झिजके टायर आता पुरे

पांडू_पोलवर

फॉर्म्युला वन मोटारशर्यतींमधली २०२५ ची कतारची शर्यत झाल्यापासून डोकं तापलंय, म्हणून धागा काढतोय.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्या वर्षी कतारच्या लुसैल ट्रॅकवर टायरवर मर्यादा घातली होती. आदल्या वर्षी तिथे डाव्या बाजूचे पुढचे टायर पार झिजलेले सापडले, म्हणून एका सेटवर जास्तीत जास्त २५ लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या. शर्यत ५७ लॅपची. सातव्या लॅपला सेफ्टी कार (सगळ्यांना हळू चालायला लावणारी गाडी) आली आणि मॅक्लारेन टीम सोडून जवळपास सगळे पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी, घुसले. ५७ वजा ७ बरोब्बर ५०, म्हणजे २५ चे दोन तुकडे. पुढचा थांबा ३२ व्या लॅपला, हे तिसरीतल्या पोरानेही सांगितलं असतं. झालंही तसंच, ३२ व्या लॅपला पिटलेनमध्ये रांग. मॅक्लारेनवाले ही वजाबाकी चुकले आणि व्हर्स्टापेन जिंकला. ही शर्यत म्हणायची की वेळापत्रक?

मुळात हे सुरू कुठून झालं ते पाहा. २०१० ला माँट्रियलला ब्रिजस्टोनचे टायर अनपेक्षितपणे लवकर गेले, सगळी गणितं कोलमडली, शर्यत झकास झाली. लगेच साहेब लोकांना साक्षात्कार झाला की असंच दर आठवड्याला हवं. २०११ ला टायर पुरवायला पिरेली आली ती ही फर्माईश घेऊनच. अपघाताने एकदा झालेली गोष्ट धोरण म्हणून पंधरा वर्षं आपल्या माथी मारली जातेय. शूमाकर २०१२ ला वैतागून म्हणाला होता की आपण कच्च्या अंड्यांवर गाडी चालवतोय असं वाटतं. सात वेळचा जगज्जेता! जगातले सगळ्यात वेगवान लोक रविवारी गाडीत बसतात आणि रेडिओवर त्यांचा इंजिनियर सांगतो, हळू चालव.

माझं मत साधं आहे. पूर्ण शर्यत टिकेल असा टायर द्या, एका शर्यतीत दोन कंपाउंड (रबराचे कडक-मऊ प्रकार) वापरण्याची सक्ती काढा, ज्याला थांबायचं त्याने थांबावं.

---

मोन्झाची_मावशी

पांडूशेठ, पूर्ण शर्यत टिकणारे टायर आम्ही पाहिलेत हो. झोप लागायची.

सोची २०१४. रोझबर्गने पहिल्याच लॅपला ब्रेक मारताना टायर घासले, लॅपच्या शेवटी पिटमध्ये येऊन बदलले आणि त्याच सेटवर उरलेली अख्खी शर्यत काढून दुसरा आला! तुमच्या स्वप्नातला टायर हाच ना? मग सांगा बरं त्या शर्यतीतलं दुसरं काय आठवतं?

किंवा अबू धाबी २०१०. ब्रिजस्टोनचं शेवटचं वर्ष, टायर दगडासारखे टिकायचे. अलोन्सो पेट्रोव्हच्या मागे अडकला तो अडकलाच. जगज्जेतेपद गेलं, पण शेवटपर्यंत पेट्रोव्हला ओलांडता आलं नाही. दोघांचे टायर सारखेच ठणठणीत असतील तर मागच्याने पुढच्याला ओलांडायचं कशाच्या जोरावर?

आणि २०१२ चे पहिले सात विजेते मोजा: बटन, अलोन्सो, रोझबर्ग, व्हेटेल, मालडोनाडो, वेबर, हॅमिल्टन. सात शर्यती, सात वेगळे विजेते. विल्यम्सच्या गाडीत मालडोनाडो! त्यानंतर विल्यम्सला एकही विजय मिळालेला नाही.

त्याच मोसमातली शांघायची शर्यत परत बघा. रायकोनेन दुसरा होता, टायर संपत आलेले, मागे गाड्यांची आगगाडी लागलेली. एकदा तो जरासा ओळीबाहेर सरकला, तिथे पडलेल्या रबराच्या गोळ्यांवर गेला आणि मग एकामागून एक सगळे त्याला गिळत गेले. शेवटी १४ वा. मी सोफ्यावरून उठून उभी होते.

---

पांडू_पोलवर

मावशी, तो रायकोनेनचाच प्रसंग माझ्या बाजूचा आहे. त्याला कुणी हरवलं? त्याच्या टायरने. मागच्यांपैकी एकालाही त्याला ओलांडण्यासाठी घाम गाळावा लागला नाही.

आणि सात विजेत्यांचं पुढचं अर्धं सांगायला विसरलात. त्याच वर्षी पुढे व्हेटेलने सिंगापूर, जपान, कोरिया आणि भारत अशा सलग चार शर्यती मारल्या आणि जेतेपदही नेलं. टीमांना टायर कळेपर्यंत मजा होती. कळल्यावर संपली. म्हणजे मजा झिजण्यात नव्हती, कुणालाच काही ठाऊक नव्हतं त्यात होती. आता टीमांकडे इतका डेटा आहे की शुक्रवारी संध्याकाळी त्यांना रविवारचा पिट स्टॉप माहीत असतो.

---

वर्कशॉपवाला

दोघेही टायर "संपतो" म्हणताय, पण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरताय.

एक, झीज. रबर रस्त्यावर घासून जातं, थर पातळ होतो. दुसरी, तापणं. थर शाबूत असतो, पण रबर मर्यादेबाहेर तापलं की पकड जाते, आणि बरेचदा ती पूर्णपणे परत येत नाही, कितीही जपून चालवा.

आता पुढच्या गाडीच्या मागे एक सेकंदावर गेलात की काय होतं ते पाहा. पुढचीने हवा विस्कटून ठेवलेली असते. तुमच्या पुढच्या पंखावरचा दाब कमी होतो, वळणात नाक बाहेर सरकतं. सरकलं की टायर घासतो, घासला की पृष्ठभाग तापतो. दोन-तीन लॅप असं झुंजलात की पकड गेली, आणि पुढचा निवांत. म्हणून चालक दोन सेकंद मागे राहून पिटची वाट बघतात. हल्ला करणाऱ्याला शिक्षा करणारा टायर तो हाच. नुसत्या झिजणाऱ्या टायरचं तसं नाही. तो पुढच्याचाही झिजतो, मागच्याचाही.

त्यामुळे माझ्या मते पिरेलीची खरी चूक टायर लवकर संपवण्यात नव्हतीच. पहिल्या काही वर्षांत जे टायर आले ते तापण्याला फार नाजूक होते. २०१७ ला टायर रुंद केले, पुढचे २४५ चे ३०५ मिलिमीटर, मागचे ३२५ चे ४०५, आणि चालकांना जोर लावता यावा हे तेव्हाच्या मागणीत होतं. २०२२ ला १८ इंची रिम आले. सुधारणा आहे, पण तापण्याचा रोग मुळातून गेलेला नाही.

पिरेलीला शिव्या घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की टायर कसा वागला पाहिजे हे ती कंपनी स्वतः ठरवत नाही. तिला लेखी मागणी येते. हलवायाला साखर जास्त घाल म्हणून सांगायचं आणि मग मधुमेहाबद्दल त्यालाच बोलायचं, असला प्रकार आहे.

---

निवांत_नाना

वर्कशॉपवाले, प्रतिसाद आवडला. पण मला लाल, पिवळा, पांढरा (मऊ, मध्यम, कडक) यापलीकडे टायरमधलं काही कळत नाही आणि तरी रविवार मजेत जातो. चालू द्या.

---

बुद्धचा_स्टँड

२०१३ ला भारताच्या शर्यतीला ग्रेटर नोएडाला होतो. व्हेटेल पोलवर (सगळ्यात पुढे), सॉफ्ट टायरवर सुटला आणि दुसऱ्या लॅपच्या शेवटी पिटमध्ये! स्टँडमधल्या निम्म्या लोकांना वाटलं गाडी बिघडली. माझ्या शेजारचे काका पुण्याहून रेल्वेने आलेले, त्यांनी डोक्याला हात लावला. सॉफ्ट टायर तिथे फार टिकत नव्हते, म्हणून त्याने ते लगेच टाकून दिले आणि मग गर्दीतून वर येत शर्यत जिंकली, चौथं जेतेपदही तिथेच.

टीव्हीवर आलेख दिसतो म्हणून कळतं. स्टँडमध्ये बसलेल्याला कोण खरा पहिला आणि कोण पिटमुळे पहिला याचा पत्ता लागत नाही. समोरून गाड्या जातात आणि आपण बोटं मोजत बसतो. पण खरं सांगू? त्या मोजण्यातच काकांना सगळ्यात जास्त मजा आली. मी या वादात कुठल्या बाजूला आहे मलाच सांगता येत नाही.

---

सुझुका_२००५

पांडूला जोरदार पाठिंबा. २००५ ला नियमच होता की शर्यतीत टायर बदलायचे नाहीत. एकच सेट, पहिल्या लॅपपासून शेवटपर्यंत. त्याच मोसमात सुझुकाला रायकोनेन १७ व्या जागेवरून सुटला आणि शेवटच्या लॅपला फिसिकेलाला बाहेरून ओलांडून जिंकला. त्याच शर्यतीत अलोन्सोने शूमाकरला १३०आर वळणावर बाहेरून मारलं. टिकाऊ टायरवर ओव्हरटेक होत नाहीत म्हणे!

---

मोन्झाची_मावशी

सुझुका, तुमच्या आवडत्या शर्यतीत वेगवान गाड्या मागे का होत्या तेही सांगा. पात्रता फेरीत पाऊस पडला म्हणून. आणि तेव्हा पेट्रोल भरायला थांबावं लागायचंच, तो वेगळाच खेळ होता. २०१० पासून ते बंद आहे.

शिवाय २००५ च्या त्याच नियमाने काय केलं ते विसरलात? न्युर्बुर्गरिंगला तुमच्याच रायकोनेनच्या पुढच्या टायरला सपाट चट्टा पडला. बदलला असता तर जागा गेली असती, म्हणून तसाच दामटला. गाडी इतकी थरथरायला लागली की पडद्यावर चाक अक्षरशः नाचताना दिसत होतं. शेवटच्या लॅपच्या सुरुवातीला सस्पेन्शन तुटलं, विजय अलोन्सोला. आणि त्यानंतर महिनाभरात इंडियानापोलिस! मिशेलिनचे टायर तिथल्या तिरप्या उताराच्या वळणात टिकेनात, फॉर्मेशन लॅपनंतर (शर्यत सुटण्याआधीची फेरी) मिशेलिनवाले सगळे गॅरेजमध्ये, शर्यतीत सहा गाड्या. एक सेट अख्खी शर्यत चालवायचा हट्ट एवढा सोपा नसतो.

---

पांडू_पोलवर

मग फुटण्याचाच हिशोब काढायचा तर सिल्व्हरस्टोन २०१३ पण काढू. हॅमिल्टन घरच्या मैदानावर आघाडीवर असताना डावा मागचा टायर फाटला. मग मासा, मग व्हेर्न, मग पेरेझ. सरळ रस्त्यावर ताशी तीनशेच्या आसपास वेगात मागच्या गाडीच्या तोंडावर रबराची लक्तरं उडत होती. पिरेलीने मग पट्ट्यातलं पोलाद काढून केव्हलार आणलं.

---

वर्कशॉपवाला

पांडू, ते उदाहरण इथे नको. तिथे टायर झिजून फुटले नव्हते, प्रश्न बांधणीचा होता. शिवाय टीमा मागचे टायर डावे-उजवे उलटे लावत होत्या, हवेचा दाब कमी ठेवत होत्या आणि कर्बच्या (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याच्या) धारदार कडांवरून गाडी नेत होत्या. झिजतो म्हणून वाईट आणि फुटतो म्हणून वाईट, या दोन तक्रारी वेगळ्या आहेत.

तुझ्या बाजूचं खरं जोरकस उदाहरण मी देतो. कतार २०२३. तिथेही मर्यादा होती, १८ लॅपची, कर्बमुळे टायरच्या कडेला इजा होत होती म्हणून. ५७ लॅपला किमान तीन थांबे आलेच. टायर वाचवण्यात काहीच अर्थ उरला नाही, म्हणून सगळ्यांनी प्रत्येक लॅप पात्रता फेरीसारखा मारला. त्यात रात्रीचा उकाडा. ओकॉनला हेल्मेटमध्ये उलटी झाली, सार्जंटने अर्ध्यातून गाडी सोडली, उतरल्यावर कित्येकांना धड उभं राहवेना. पूर्ण जोर लावून चालवलेली शर्यत चालकाच्या अंगाला काय करते ते त्या दिवशी दिसलं.

---

पांडू_पोलवर

तेच तर म्हणतोय मी! मला हे बघायचंय.

---

मोन्झाची_मावशी

पण पाहिलंत का काही? चालक दमले हे खरं. डावपेच मात्र शून्य, कारण थांबे आधीच ठरलेले. आणि २०२५ च्या ज्या २५ लॅपच्या मर्यादेवर तुम्ही धागा काढलात, तिथेही हेच झालं. दोन्ही वेळा टायर मर्जीनुसार झिजवायची मुभा चालकाकडून काढून घेतली होती. कतारला झिजका टायर हरला नाही, तिथे तो खेळलाच नाही.

मुभा असली की काय होतं त्याची दोन उदाहरणं देते. हंगेरी २०१९: व्हर्स्टापेन पुढे, हॅमिल्टन मागे अडकलेला. मर्सिडीजने त्याला दुसऱ्यांदा थांबवलं, वीसेक सेकंदांची दरी पडली, आणि ती भरून काढत त्याने चार लॅप उरले असताना ओलांडलं. तो पाठलाग ताजे आणि संपलेले टायर यांच्यातल्या फरकाशिवाय झालाच नसता. दुसरं मोन्झा २०२४: मॅक्लारेन दोनदा थांबली, लेक्लेर्क एकदाच थांबून तग धरून राहिला आणि फेरारीच्या दारात जिंकला. पियास्त्री दर लॅपला जवळ येतोय आणि याचे टायर शेवटाला लागलेत. अजून काय पाहिजे?

---

सातवा_गिअर

एक थांबा म्हटल्यावर स्पा २०२४ राहून चालणार नाही. रसेल एकाच थांब्यावर जिंकला, दोन्ही हात वर, आणि मग गाडी दीड किलोने हलकी भरली म्हणून बाद. विजय हॅमिल्टनला. झिजलेल्या टायरचं वजन घटलं हेही त्यामागचं एक कारण मानलं गेलं. एरवी शर्यत संपल्यावर चालक मुद्दाम ओळीबाहेर जाऊन पडलेलं रबर टायरला चिकटवून आणतात, तेवढंच वजन वाढतं. स्पाला मात्र शेवटी पूर्ण लॅप मारत नाहीत, गाड्या लगेच आत वळवतात. बिचाऱ्याला कचरा गोळा करायलाही वाव नव्हता.

अवांतर: अमेरिकेत नॅस्कारला ब्रिस्टलमध्ये २०२४ च्या मार्चमध्ये गुडइयरचे टायर भलतेच लवकर गेले. आघाडी ५४ वेळा बदलली. चालकांत तट पडले, काहींना जुने दिवस आठवले आणि काहींनी हे कसलं रेसिंग म्हणून नाक मुरडलं. म्हणजे हा वाद तिकडेही मिटलेला नाही.

---

पांडू_पोलवर

मावशी, हंगेरी मान्य, मोन्झा मान्य. वर्षातून दोन. बाकी वीसेक रविवारी काय? मोनॅको २०२४ ला पहिल्या लॅपला लाल झेंडा लागला, सगळ्यांनी उभ्या उभ्या टायर बदलले, सक्तीची अट पूर्ण, आणि मग ७७ लॅप संपेपर्यंत टायर वाचवत वरात. पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने आले. २०२५ ला उपाय म्हणून दोन थांब्यांची सक्ती केली, तर लॉसन मुद्दाम रस्ता अडवून हळू चालला, टीममधल्याच आयझॅक हाजारला मोकळी जागा मिळावी म्हणून. विल्यम्सच्या दोघांनी तेच पाळीपाळीने केलं. रसेल इतका कावला की शिकेन (नागमोडी वळण) कापून अल्बनच्या पुढे गेला, जागा परत देणार नाही म्हणाला आणि शिक्षा पत्करली. हे तुमच्या मुभेचं फळ.

---

वर्कशॉपवाला

मोनॅकोचं खापर टायरवर फोडू नका राव. तेव्हाच्या गाड्या दोन मीटर रुंद आणि रस्ता गल्लीएवढा. तिथे कसलाही टायर लावा, ओव्हरटेक होणार नाही.

२०२६ पासून डीआरएस (ओव्हरटेकसाठी मागचा पंख उघडायची सोय) गेलं, गाड्या छोट्या झाल्या, टायरही अरुंद झाले, पुढचे २५ मिलिमीटरने आणि मागचे ३० ने. मला एकच बघायचंय. मागची गाडी एक सेकंदावर पाच लॅप सलग राहिली तर तिचे पुढचे टायर जिवंत राहतात का? राहिले, तर किती लॅपला झिजतात याच्याशी मला घेणंदेणं नाही.

---

मोन्झाची_मावशी

वर्कशॉपवाले, तेवढं झालं तर मी तुमच्या बाजूने. पण टिकाऊ टायरवाल्यांच्या बाजूने नाही, पांडूशेठ नोंद घ्या.

---

पांडू_पोलवर

घेतली. दोन कंपाउंडची सक्ती काढा हे कुणी खोडलेलं नाही, तीही नोंद घ्या.